हंगामी सार्वजनिक नोकर, बेकारीभत्ता आणि स्थानिक संस्थांचे अंदाजपत्रक

बेकारी विम्याचे मूळ तत्त्व साधे आहे. काम चालू असताना वेतनाच्या प्रमाणात थोडी रक्कम एका निधीत साठवावयाची, आणि स्वतःचा दोष नसताना ज्याचे काम सुटेल त्याला त्या निधीतून काही आठवडे निर्वाहापुरते द्रव्य द्यावयाचे, एवढाच त्याचा आशय. हे तत्त्व कारखान्यातील कायम कामगाराला जितक्या सहजपणे लागू पडते तितक्या सहजपणे हंगामी नोकराला लागू पडत नाही. विमा हा अनिश्चित आपत्तीचा उतरविला जातो. हंगामी नोकराची बेकारी मात्र अनिश्चित नसते. हंगाम केव्हा संपणार हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठाऊक असते. मग ज्या आपत्तीची तारीख आधीच ठरलेली आहे तिचा विमा कसा उतरावयाचा, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपाला तितकेच सबळ उत्तरही आहे. हंगाम ठरलेला असला तरी हंगामाबाहेरच्या महिन्यांत घरखर्च थांबत नाही, आणि त्या महिन्यांत दुसरे काम मिळेल की नाही ही गोष्ट अनिश्चितच असते.

नोकरी देणारी संस्था नगरपालिका किंवा शाळामंडळ असली म्हणजे हा प्रश्न अधिक बिकट होतो. खाजगी कारखानदार हंगामी बेकारीचा खर्च काही अंशी मालाच्या किमतीत मिळवू शकतो. नगरपालिकेला विकावयाचा माल नसतो. तिचे उत्पन्न कराचे, कराचा दर वर्षातून एकदा ठरावयाचा, आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी त्याच वर्षात करावयाची, अशी तिची स्थिती असते. या चौकटीत बेकारीभत्त्याचा खर्च कोठे बसवावयाचा, आणि तो बसविताना नोकराच्या हक्काचे काय होते, या प्रश्नाचा बराच दीर्घ अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना आला आहे. प्रस्तुत लेखात प्रथम तेथील व्यवस्थेचे स्वरूप व तिच्यातील पैशाचा ओघ यांचे विवेचन केले असून, शेवटी महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या अनुभवाशी तिची तुलना केली आहे. भत्ता देणे न देणे हा केवळ औदार्याचा प्रश्न नसून जोखीम किती जणांत वाटली जाते व हक्काचा पुरावा कोणाच्या हाती असतो यांवर त्याचा निकाल अवलंबून राहतो, हे या विवेचनावरून स्पष्ट होईल.

१. कायद्याची वाटचाल

अमेरिकेतील पहिला बेकारी विमा कायदा विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली केला. त्यानंतर १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ही व्यवस्था सर्व देशभर पसरली. संघसरकारने मालकांच्या पगारपटावर कर बसविला आणि ज्या घटकराज्यात मान्यताप्राप्त बेकारी विमा योजना असेल तेथील मालकांना त्या करात मोठी सूट दिली. या युक्तीमुळे प्रत्येक राज्याला आपली स्वतंत्र योजना काढणे भाग पडले. निधी राज्याचा, नियमही बव्हंशी राज्याचे, परंतु चौकट संघसरकारची, अशी ही दुहेरी रचना आजतागायत टिकून आहे. आज संघीय कराचा दर वेतनाच्या पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के असून, त्यातून ५.४ टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

मूळ कायद्यातून शेतमजूर, घरकामाचे नोकर, धर्मादाय संस्थांचे नोकर व सरकारी नोकर वगळलेले होते. सरकारी नोकर वगळण्यास घटनात्मक कारण होते. घटकराज्ये व त्यांच्या अधिकाराखालील नगरपालिका यांच्यावर संघसरकारने कर बसवावा, ही गोष्ट तेथील संघराज्याच्या कल्पनेशी जुळणारी नव्हती. शिवाय सरकारी नोकरी म्हणजे कायमची नोकरी, तेथे बेकारीचे भय कोठले, असाही समज रूढ होता. काही राज्यांनी स्वतःहून आपल्या नोकरांना विम्यात घेतले. तथापि नगरपालिका, परगणे व शाळामंडळे यांचे नोकर बहुधा बाहेरच राहिले.

या समजाला पहिला छेद १९७० च्या दुरुस्तीने दिला. राज्यांची रुग्णालये व उच्च शिक्षणसंस्था यांतील नोकर १९७२ पासून विम्याच्या कक्षेत आले. त्यानंतर १९७४-७५ च्या मंदीने सरकारी नोकरी अढळ असते हा भ्रम पुरता दूर केला. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आले, तेव्हा पोलीस, अग्निशामक व सफाई खात्यांतील नोकरांनाही घरी बसावे लागले. १९७४ च्या डिसेंबरअखेर काँग्रेसने तात्पुरता कायदा करून, विम्याबाहेरील नोकरांना संघसरकारच्या तिजोरीतून साहाय्य देण्याची सोय केली होती. ही तात्पुरती सोय कायम करण्याचे काम १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने केले. १ जानेवारी १९७८ पासून राज्यांच्या व स्थानिक संस्थांच्या जवळजवळ सर्व नोकरांना बेकारी विमा लागू झाला. या सक्तीविरुद्ध लॉस एंजेलिस परगण्याने व इतर संस्थांनी दाद मागितली; परंतु १९८० मध्ये संघीय अपील न्यायालयाने कायदा उचलून धरला.

कायद्याने काही थोडे वर्ग मात्र वगळले. लोकनियुक्त पदाधिकारी, कायदेमंडळाचे सभासद, न्यायाधीश आणि धोरण ठरविणारे वरिष्ठ अधिकारी यांना वगळणे स्वाभाविकच होते. परंतु आग, वादळ, हिमवर्षाव, भूकंप, पूर अशा आणीबाणीच्या प्रसंगी तात्पुरते नेमलेले नोकरही वगळण्यात आले. याचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. बर्फ काढण्यासाठी संपूर्ण हिवाळ्याकरिता नेमलेला नोकर विम्यात येतो. एका वादळापुरता बोलाविलेला येत नाही. त्याचप्रमाणे, बेकारांना काम देण्यासाठी सरकारी पैशाने काढलेल्या साहाय्यकार्यावरील मजूरही या कक्षेबाहेर ठेवले आहेत. काम एकच असले तरी नेमणुकीच्या स्वरूपावरून हक्क ठरतो, ही गोष्ट येथूनच दिसू लागते.

२. कर की प्रत्यक्ष भरपाई?

१९७६ च्या कायद्यातील सर्वात महत्त्वाची तरतूद पैसे भरण्याच्या रीतीविषयी आहे. खाजगी मालकाला बेकारी कर भरावाच लागतो. त्याच्याकडील किती नोकर पूर्वी बेकार झाले व त्यांना किती भत्ता द्यावा लागला या अनुभवावरून त्याच्या कराचा दर ठरतो. स्थानिक संस्थेला मात्र दोन मार्गांपैकी एक निवडण्याची मुभा आहे. ती इतर मालकांप्रमाणे राज्याच्या निधीत कर भरू शकते. किंवा काहीच कर न भरता, तिच्या नोकरांना दिल्या गेलेल्या भत्त्याची रक्कम डॉलरला डॉलर या प्रमाणात राज्याला परत करू शकते. या दुसऱ्या रीतीस ‘प्रत्यक्ष भरपाई’ असे म्हणता येईल. बहुसंख्य स्थानिक संस्थांनी हीच रीत पत्करली आहे.

भत्त्याची आकारणी ‘आधारकाला’वरून होते. साधारणतः मागील पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार तिमाह्यांत नोकराने मिळविलेले वेतन पाहिले जाते. त्यावरून साप्ताहिक भत्ता ठरतो. तो पूर्वीच्या वेतनाच्या सुमारे निम्मा असून त्याला कमाल मर्यादा असते. बहुतेक राज्यांत तो जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो; काही राज्यांनी २०११ नंतर ही मुदत कमी केली. आधारकालात नोकराने दोन-तीन मालकांकडे काम केले असेल तर भत्त्याचा भार त्या सर्वांवर वेतनाच्या प्रमाणात विभागला जातो.

एका काल्पनिक उदाहरणाने ही व्यवस्था अधिक स्पष्ट होईल. एका लहान नगरपालिकेत १०० नोकर आहेत असे मानू. कराची रीत पत्करल्यास प्रत्येकाच्या पहिल्या १०,००० डॉलर वेतनावर ३ टक्के कर पडतो, असेही मानू. मग दर नोकरामागे ३०० डॉलर, म्हणजे एकूण ३०,००० डॉलर दरवर्षी भरावे लागतील. त्या वर्षी कोणी बेकार झाला असो वा नसो. आता या नोकरांपैकी ५ जण उद्यानात उन्हाळी कामावर असून, प्रत्येकाने आधारकालात नगरपालिकेकडून १२,००० व एका खाजगी मालकाकडून ६,००० डॉलर मिळविले आहेत. प्रत्येकाला आठवड्याला ३०० डॉलरप्रमाणे २० आठवडे भत्ता मिळाला तर ती रक्कम ६,००० डॉलर होते. पैकी दोन-तृतीयांश, म्हणजे ४,००० डॉलर, नगरपालिकेच्या वाट्याला येतात. पाच जणांचे मिळून २०,००० झाले. म्हणजे सामान्य वर्षात प्रत्यक्ष भरपाईच्या रीतीने १०,००० डॉलर वाचतात. लेखापालाला हाच मार्ग शहाणपणाचा वाटावा यात आश्चर्य नाही.

परंतु या बचतीबरोबर एक जबाबदारीही गळ्यात पडते. कर भरणारा मालक विमा उतरवितो. भरपाई करणारी नगरपालिका स्वतःच विमेदार बनते. तिच्यामागे दुसरा निधी नसतो. त्यातच, कर भरणाऱ्या मालकाला ज्या प्रसंगी खर्चातून वगळले जाते, त्या प्रसंगीही भरपाई करणाऱ्या संस्थेला सामान्यतः तशी सवलत मिळत नाही. समजा, नगरपालिकेकडील एखादा हंगामी नोकर हंगाम संपल्यावर खाजगी नोकरीत गेला व ती नोकरी सुटून बेकार झाला. त्या बेकारीशी नगरपालिकेचा संबंध नाही. तरीही तिने दिलेले वेतन आधारकालात येत असल्यामुळे तिच्या हिश्श्याची रक्कम तिला भरावीच लागते.

३. मंदीच्या वर्षातील अंदाजपत्रक

या रीतीची खरी कसोटी मंदीत लागते. वरील उदाहरणातील नगरपालिकेचे उत्पन्न घटले आणि तिने २० कायम नोकर कमी केले असे समजू. त्यांची सगळी कमाई नगरपालिकेकडूनच झालेली असल्यामुळे त्यांच्या भत्त्याचा संपूर्ण भार तिच्यावर येतो. प्रत्येकी ६,००० डॉलर धरले तरी १,२०,००० डॉलर होतात. त्यात हंगामी नोकरांचे २०,००० मिळविले म्हणजे सामान्य वर्षातील २०,००० च्या जागी १,४०,००० डॉलर भरावे लागतात. ज्या काटकसरीसाठी नोकर कमी केले तिचा काही भाग अशा रीतीने बिलाच्या रूपाने परत येतो, आणि तोही नेमका उत्पन्न घटलेल्या वर्षी.

कराच्या रीतीत हा आघात सौम्य होतो. मंदीनंतर कराचा दर वाढतो खरा, परंतु ती वाढ पुढील अनेक वर्षांवर पसरते. राज्याचा निधी आटला तर राज्याला संघसरकारकडून कर्ज घेता येते. भरपाई करणाऱ्या नगरपालिकेला यांपैकी कोणताच आधार नाही. तिने चांगल्या वर्षांत राखीव निधी साठविला असेल तर निभावते, एरवी पुस्तके, रस्तेदुरुस्ती, उद्याने यांवरील खर्चाला कात्री लागते. किंबहुना पुढील हंगामातील हंगामी नेमणुकांनाच ती प्रथम लागते; कारण त्या नेमणुका रद्द करण्यास कोणाची संमती घ्यावी लागत नाही.

२०२० साली हा धोका सर्व देशाच्या अनुभवास आला. कोविडच्या साथीमुळे वाचनालये, पोहण्याचे तलाव, शाळांची पाकगृहे एकदम बंद पडली, आणि भरपाईच्या रीतीने चालणाऱ्या संस्थांना मोठमोठी बिले येऊ लागली. मार्च २०२० च्या साहाय्य कायद्यान्वये संघसरकारने त्यांच्या खर्चाचा निम्मा भाग सोसण्याचे मान्य केले. तथापि प्रथम जो अर्थ लावण्यात आला त्यानुसार संस्थांनी आधी पूर्ण रक्कम भरावी व मागाहून निम्मी परत घ्यावी, असे ठरले. ज्यांची तिजोरी रिकामी होती त्यांना ही सवलत कागदावरच राहण्याचे भय निर्माण झाले. शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये काँग्रेसने स्वतंत्र कायदा करून, संस्थेने आपला निम्मा हिस्साच भरावा अशी सुधारणा केली. पुढे एप्रिल २०२१ पासून ६ सप्टेंबर २०२१ पर्यंत संघीय हिस्सा ७५ टक्क्यांवर नेण्यात आला. स्थानिक संस्थांनी स्वतःच विमेदार होण्याची व्यवस्था मोठ्या आपत्तीत तग धरू शकत नाही, याची ही एक प्रकारे कबुलीच होती.

स्वतंत्र विमेदारी व सार्वत्रिक निधी यांच्या मधला एक मार्ग म्हणजे अनेक संस्थांनी मिळून सामाईक निधी उभारणे. कॅलिफोर्नियातील शाळा कर्मचारी निधी हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यात सहभागी शाळामंडळे व महाविद्यालये आपल्या वेतनखर्चावर एकाच दराने वर्गणी भरतात. एखाद्या लहान मंडळावरील अकस्मात आघात यामुळे सर्वांत वाटला जातो. परंतु हा उपायही परिपूर्ण नाही. २०११-१२ मध्ये या निधीचा वर्गणी-दर १.६१ टक्के होता. दोन वर्षांनी, २०१३-१४ मध्ये, तो ०.०५ टक्के झाला. याचे कारण उघड आहे. राज्यातील सर्व शाळांचे उत्पन्न एकाच तिजोरीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्यामुळे नोकरकपातीची लाट सर्वांवर एकदमच येते. एकाच नदीकाठची सर्व शेते एकाच पुरात बुडतात. त्यांनी आपापसात केलेला विमा फारसा कामाला येत नाही. निधीत किती संस्था आहेत याइतकेच, त्यांच्या जोखमी किती भिन्न आहेत यालाही महत्त्व आहे.

४. हंगामाची व्याख्या आणि ‘वाजवी हमी’

खर्चाचे हे दडपण कायद्याच्या शब्दांतही उतरलेले दिसते. हंगामी नोकरांबाबत संघीय कायदा दोनच ठिकाणी स्पष्ट बोलतो. धंदेवाईक खेळाडूंना दोन हंगामांच्या मधल्या काळात भत्ता नाही. आणि शिक्षणसंस्थांतील नोकरांना दोन सत्रांच्या अगर दोन शैक्षणिक वर्षांच्या मधल्या सुटीत, पुढील सत्रात पुन्हा कामावर घेण्याची ‘वाजवी हमी’ दिली असेल तर, त्या शाळेतील वेतनाच्या आधारे भत्ता नाही. इतर हंगामी नोकरांचा प्रश्न राज्यांवर सोपविलेला आहे. मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, मेन अशा काही राज्यांत हंगामी कामाचे वेतन हंगामाबाहेरील भत्त्यासाठी धरले जात नाही. मात्र त्यासाठी कायद्यातील अटी पुऱ्या होऊन ते काम हंगामी म्हणून मान्य झालेले असावे लागते. ज्या राज्यांत अशी तरतूद नाही तेथे नगरपालिकेचा उन्हाळी नोकर, किमान कमाईची अट पुरी करीत असल्यास, इतर बेकारांप्रमाणेच हक्कदार ठरतो.

शाळांविषयीच्या तरतुदीचा इतिहास विशेष बोलका आहे. शिक्षक व तत्सम व्यावसायिक नोकर यांच्याबाबत ही मनाई १९७६ पासून सक्तीची आहे. तिच्यामागील विचार समजण्यासारखा आहे. वार्षिक करारावर काम करणाऱ्या शिक्षकाचे वेतन सामान्यतः वर्षभराच्या हिशेबाने ठरते व सुटी ही त्या नोकरीचाच भाग असते. परंतु स्वयंपाकी, बसचालक, झाडलोट करणारे, वर्गसाहाय्यक यांना तासावर वेतन मिळते. उन्हाळ्यातील सुमारे अडीच-तीन महिने शाळा बंद, म्हणजे त्यांचे वेतनही बंद. यांना भत्ता नाकारावा की नाही हे १९७६ च्या कायद्याने राज्यांच्या इच्छेवर ठेवले होते. १९८३ च्या दुरुस्तीने एप्रिल १९८४ पासून नाकारणे सक्तीचे केले. १९९१ मध्ये ही सक्ती उठवून प्रश्न पुन्हा राज्यांकडे सोपविण्यात आला. पंधरा वर्षांत एकाच वर्गाचा हक्क तीन वेळा बदलला. त्या काळात शाळेच्या पाकगृहातील काम बदलले नव्हते. बदलली होती ती खर्च कोणी सोसावा याविषयीची भूमिका.

‘वाजवी हमी’ या शब्दांतही एक गुंता आहे. हमी देणारी संस्था तीच, आणि हमी दिली असे ठरल्यास जिचे पैसे वाचतात ती संस्थाही तीच. उन्हाळ्याच्या तोंडावर सर्व नोकरांना एकसाची पत्रे पाठविली की हमी दिली असे म्हणता येईल काय? याविषयी संघीय श्रमखात्याने डिसेंबर २०१६ मध्ये राज्यांना खुलासेवार मार्गदर्शन केले. हमी खरी असली पाहिजे, ती देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने दिलेली असली पाहिजे, आणि पुढील सत्रातील वेतनादी अटी पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी दर्जाच्या असता कामा नयेत. पूर्वीच्या कमाईच्या ९० टक्क्यांहून कमी मिळणार असेल तर ती हमी वाजवी मानावयाची नाही, असे त्यात म्हटले होते. हमी मिळूनही पुढील सत्रात काम दिले गेले नाही, तर अव्यावसायिक नोकराला मागील आठवड्यांचा भत्ता देण्याची तरतूद कायद्यातच आहे. मात्र त्यासाठी त्याने सुटीत दर वेळी वेळेवर अर्ज केलेला असावा लागतो. आपल्याला भत्ता मिळणार नाही असे ठाऊक असताना उन्हाळाभर अर्ज करीत राहण्याचे धोरण किती स्वयंपाकिणींना सुचेल, हा प्रश्न वेगळा.

अर्थात् अमेरिकन व्यवस्थेतील एक गोष्ट नोकराच्या बाजूची आहे. भत्त्याचा निर्णय नगरपालिका किंवा शाळामंडळ देत नाही. राज्याचे स्वतंत्र खाते देते, आणि त्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. पैसे देणारा पक्ष व निवाडा करणारा पक्ष यांची ही फारकत नसती तर वरील गुंता कितीतरी अधिक जाचक झाला असता.

५. मिनेसोटातील बदल

१९९१ मध्ये मिळालेल्या मुभेचा उपयोग मिनेसोटा राज्याने २०२३ साली केला. तेथील कायदेमंडळाने शाळांतील तासावर काम करणाऱ्या नोकरांवरील उन्हाळी मनाई उठविली. बसचालक, पाकगृहातील नोकर, वर्गसाहाय्यक यांना त्याच उन्हाळ्यापासून भत्त्यासाठी अर्ज करता येऊ लागला. शिक्षकांवरील मनाई संघीय कायद्याची असल्यामुळे ती कायम राहिली.

शाळामंडळांची हरकत तत्त्वाला नव्हती असे नाही. परंतु तिचा मुख्य भर पैशावर होता. भरपाईच्या रीतीने चालणाऱ्या मंडळाला प्रत्येक उन्हाळ्यात निश्चितपणे येणारे बिल म्हणजे एक नवा कायम खर्चच होता. हे ओळखून राज्याने त्याच वेळी १३.५ कोटी डॉलरची एकरकमी तरतूद केली व शाळांच्या या खर्चाची भरपाई तिच्यातून करण्याचे ठरविले. येथे हक्क व निधी यांतील विसंगती स्पष्ट दिसते. हक्क दरवर्षीचा आहे, तरतूद मात्र एकदाची. तरतूद संपत आली की दोनच वाटा उरतात: कायदेमंडळाने पुन्हा पैसा द्यावयाचा, किंवा शाळामंडळाने वर्ग, बसफेऱ्या, नेमणुका यांतून तो काढावयाचा. ज्याला हंगामाबाहेर संरक्षण द्यावयाचे त्याचेच हंगामातील तास कमी होण्याचा संभव या दुसऱ्या वाटेत असतो.

याला दुसरी बाजूही आहे, आणि ती विसरून चालणार नाही. पूर्वी हा खर्च अस्तित्वात नव्हता असे नाही. उन्हाळ्यातील निर्वाहाचा खर्च तेव्हाही होताच. तो शाळामंडळाच्या अंदाजपत्रकात दिसत नव्हता, एवढेच. स्वयंपाकिणीच्या उसनवारीत, बसचालकाने पत्करलेल्या मिळेल त्या कामात, आणि उन्हाळ्यानंतर परत न आलेल्या नोकरांच्या जागा भरण्यात तो विखुरलेला होता. २०२३ च्या कायद्याने तो खर्च नव्याने निर्माण केला नाही. त्याने तो दृश्य केला.

६. महाराष्ट्रातील समांतर अनुभव

भारतात स्थानिक संस्थांच्या हंगामी नोकरांसाठी अमेरिकेसारखा बेकारी विमा उभा राहिला नाही. उलट, १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात १९५३ साली कामबंदीच्या भरपाईविषयीची जी कलमे घालण्यात आली त्यांतून हंगामी स्वरूपाच्या औद्योगिक संस्था वगळण्यातच आल्या होत्या. तथापि हंगामी बेकारीत भत्ता कोणी द्यावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने पुढे आला, आणि ती वाट रोजगार हमीची होती. अमेरिकेत काम सुटल्यावर भत्ता हा मूळ हक्क. महाराष्ट्रात काम मिळणे हा मूळ हक्क आणि काम न दिल्यास भत्ता, असा हा क्रम आहे.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यभर रुजली. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिची अर्थव्यवस्था कल्पकतेने रचलेली होती. १९७५ च्या कायद्याने बसविलेला व्यवसाय कर हे उत्पन्नाचे प्रमुख साधन ठरले, आणि राज्याने तितकीच भर घालावी असे ठरले. म्हणजे शहरातील नियमित पगारदाराच्या वेतनातून ग्रामीण भागातील हंगामी मजुराच्या कामाचा निधी उभा राहिला. जोखीम भिन्न प्रकारच्या लोकांत वाटली गेली पाहिजे, ही जी गोष्ट कॅलिफोर्नियातील निधीला साधली नाही ती येथे साधली होती. ज्या वर्षी पाऊस हुकतो त्या वर्षी मुंबईच्या कचेऱ्यांतील पगार बंद पडत नाहीत. ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकावर हा भार टाकलेला नव्हता, हेही योग्यच होते.

निधीची रचना चांगली असली तरी भत्त्याचा हक्क मात्र दुबळा राहिला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास द्यावयाचा भत्ता मूळ कायद्यात दिवसाला किमान एक रुपया इतका नाममात्र होता. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने तो सुधारला. काम न मिळाल्यास पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश व त्यानंतर किमान निम्मा भत्ता द्यावा, असे ठरले. त्यातील खर्चाची वाटणी मोठ्या विचाराने केली होती. अकुशल मजुरीचा खर्च केंद्राने सोसावयाचा. बेकारीभत्त्याचा खर्च राज्याने. काम दिले तर पैसा केंद्राचा, न दिले तर स्वतःचा, अशी रचना केली म्हणजे राज्य काम देण्यास प्रवृत्त होईल, असा हेतू होता.

प्रत्यक्षात भत्ता फारच क्वचित दिला गेला. काम नेहमी वेळेवर मिळत होते असे त्याचे कारण नव्हे. कामाची मागणी अमुक दिवशी केली हे सिद्ध करण्यास तारखेची पावती लागते, आणि ती पावती देणे ज्या यंत्रणेच्या हाती होते तिच्याच वरिष्ठांवर भत्त्याचा भार पडणार होता. पावती दिली नाही की मागणी नाही. मागणी नाही की पंधरा दिवसांची मुदत सुरू होत नाही. मुदत नाही की भत्ताही नाही. काम देण्यासाठी लावलेला अंकुश अशा रीतीने मागणीची नोंद न करण्याचे निमित्त ठरला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले, बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० व राज्य ४० अशी ठरविण्यात आली, आणि पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद झाली. हंगाम हा शब्द अशा रीतीने येथील कायद्यातही अवतरला असून, हंगामाची व्याख्या व खर्चाचा वाटा या दोन गोष्टी येथेही एकमेकींशी बांधल्या गेल्या आहेत.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, हंगामी नोकराच्या बेकारीभत्त्याचा भार एकट्या लहान संस्थेवर टाकणे हिताचे नाही. सामान्य वर्षात ते स्वस्त वाटते. परंतु आपत्तीच्या वर्षी त्याचा आघात संस्थेच्या सेवांवर व हंगामी नोकरांवरच होतो. दुसरी अशी की, निधी सामाईक केला तरी तो एकाच प्रकारची जोखीम असलेल्या संस्थांचा असू नये. महाराष्ट्राच्या मूळ योजनेत व्यवसाय कराला जे स्थान होते त्याचे महत्त्व या दृष्टीने फार मोठे आहे. तिसरी गोष्ट हक्काच्या पुराव्याची. भत्त्याचा खर्च मालकावर टाकल्याने तो काम देण्यास प्रवृत्त होतो हे तत्त्व खरे आहे. परंतु हक्काचा पुरावा, मग तो वाजवी हमीचे पत्र असो की मागणीची पावती, त्याच मालकाच्या हाती असेल तर ते तत्त्व उलटते. खर्च सोसणारा, पुरावा ठेवणारा व निवाडा करणारा हे तिघे वेगळे असणे अगत्याचे आहे.

पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, यात्रेच्या दिवसांतील स्वच्छता, उन्हाळ्यातील पाणीपुरवठा अशी कामे येथील स्थानिक संस्थांनाही दरवर्षी करावी लागतात, आणि ती करणारे हात वर्षातील उरलेले महिनेही जगतच असतात. त्या महिन्यांचा खर्च कोणीतरी सोसतोच. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नसेल, तर तो त्या मजुराच्या घरात सोसला जात आहे असे समजावे.